हॉरर नाईट कशी लावायची: काय बघायचं, काय टाळायचं आणि काय बघून नुसतं खिदळायचं

सगळ्यात आधी, 'जगातला सगळ्यात भीतीदायक पिक्चर' असं सर्च मारून जो पहिला येईल तो लावायचा, हे बंद करा. त्या याद्यांमध्ये बहुतेक वेळा द एक्झॉर्सिस्ट वर असतो. पिक्चर भारीच आहे, वादच नाही, पण तो १९७३ चा आहे, सुरुवातीला बराच वेळ त्यात भूतबित फारसं काही करत नाही, आणि चारपाच जणांच्या घोळक्यात विसाव्या मिनिटाला एक जण मोबाईल काढतो, मग दुसरा काढतो, मग कोणीतरी विचारतं "भूत कधी येणार रे?" की झालं, पोपट. कुठला पिक्चर, कोणासोबत, किती वाजता आणि किती आवाजात, हे चारही जुळलं तरच हॉररची मजा, त्यातलं एक बिघडलं तरी भले भले पिक्चर झोपतात.

मी आहट आणि झी हॉरर शोवर पोसलेला माणूस आहे, त्यामुळे खालची सगळी मतं माझी आहेत, पटली नाहीत तर खुशाल भांडा.

पिक्चर निवडायची चाळणी

माझी चाळणी एकच. चांगला भयपट लवकरात लवकर तुम्हाला नियम सांगून टाकतो, म्हणजे ते जे काय आहे ते कशामुळे येतं, आल्यावर काय करतं आणि कशाने थांबतं. एकदा नियम कळला की पुढचं सगळं काम तुमचं डोकंच करतं, दिग्दर्शकाला फक्त तुम्हाला ताटकळत ठेवायचं असतं. वाईट भयपटाला नियमच नसतो, भूत कधीही कुठूनही येतं, काहीही करतं, म्हणून मग घाबरवायला त्याच्याकडे फक्त मोठा आवाज उरतो.

तुंबाड घ्या (२०१८, राही अनिल बर्वे). त्या विहिरीखाली, देवीच्या गर्भात उतरल्यावर नायक विनायक काय करतो ते नीट बघा. पिठाचं रिंगण आखतो, आत बसतो, कणकेची बाहुली काढतो. हस्तर, म्हणजे तिथे कोंडलेला देव, कायमचा भुकेला, तो बाहुलीवर तुटून पडतो, आणि त्याचं लक्ष खाण्यात आहे तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मुद्रा ओढायच्या. पिठाची रेघ त्याला ओलांडता येत नाही, म्हणून रिंगण. बस, एवढंच. पण एकदा हे कळलं की पुढे पिक्चरभर तुमची नजर त्या पिठाच्या रेघेवरून हलत नाही, आणि शेवटाकडे जेव्हा बाहुल्यांचा हिशोब बदलतो तेव्हा कोणी काही समजावून न सांगता तुम्हाला आधीच कळतं की आता काय होणार, आणि तिथे खरी तंतरते. काय होतं ते सांगत नाही, बघितला नसेल तर आजच बघा. पहिल्यांदा आला तेव्हा लोकांनी फारसं मनावर घेतलं नव्हतं, सप्टेंबर २०२४ मध्ये परत थिएटरला लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवला, असं आपल्याकडे फार कमी पिक्चरच्या नशिबी येतं. माझी तक्रार एकच, नाव पेंडशांच्या कादंबरीवरून, भीतीचं मूळ नारायण धारपांच्या कथेत, पाऊस कोकणातला, घर ब्राह्मणाचं आणि सगळे बोलतात हिंदी. असो.

हीच चाळणी बाहेरच्या पिक्चरना लावा, लगेच फरक कळतो. जपानी रिंगु (१९९८): टेप बघितली, फोन वाजला, आता सात दिवस. द कॉन्जुरिंग (२०१३): डोळ्यांवर पट्टी बांधून टाळीच्या आवाजावर शोधायचा मुलींचा खेळ आधी अगदी साधा, हसतखेळत दाखवलाय, म्हणून नंतर तळघराच्या जिन्यात अंधारातून दोन हात येऊन टाळी वाजवतात तेव्हा बोबडी वळते. आणि द ब्लेअर विच प्रोजेक्ट (१९९९), ज्याला अर्धी जनता 'शेवटी काही दाखवलंच नाही' म्हणून शिव्या घालते. अरे बाबांनो, सुरुवातीला गावातल्या लोकांच्या मुलाखती आहेत ना, जिथे सगळे चिप्स फोडण्यात बिझी असतात, त्यात एक जण सांगतो की तिथला एक जुना खुनी मुलांना जोडीने तळघरात न्यायचा आणि एकाला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचा. हे वाक्य ऐकलं असेल तर शेवटची फ्रेम बघून घाम फुटतो, सुटलं असेल तर पिक्चर वाया. म्हणून हॉररची पहिली पंधरा मिनिटं बडबड करायची नाही, हा नियम पिक्चर सुरू करायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाका, नंतर सांगितलं तर भांडण होतं.

ढॅण् केलं म्हणजे भीती नाही

आता जंप स्केअर, म्हणजे अचानक ढॅण् करून दचकवणं. मला जंप स्केअरचं वावडं नाही, फुकट मिळवलेल्या जंप स्केअरचं आहे. हा प्रकार जुना आहे. १९४२ च्या कॅट पीपल मध्ये एक बाई रात्री एकटी चाललीये, मागून दुसऱ्या बाईच्या सॅंडलचा टकटक आवाज, मग तो आवाज अचानक बंद, ही घाबरून पावलं उचलते, आपण वाट बघतोय की आता झडप पडणार, आणि फिस्स करून समोर बस येऊन थांबते. नुसती बस! त्या पिक्चरचा निर्माता व्हॅल लुटन, त्याच्या नावावरून या युक्तीला अजून 'लुटन बस' म्हणतात. बघा, इथे दचकवणारा आवाज एकच आहे पण त्याच्या आधीची शांतता पै पै करून जमवलेली आहे.

तसंच द एक्झॉर्सिस्ट ३ (१९९०) मधला हॉस्पिटलचा कॉरिडॉर. कॅमेरा लांब एका टोकाला गप्प उभा, नर्स या खोलीत जाते, त्या खोलीत जाते, परत येते, काहीच होत नाही, इतका वेळ काहीच होत नाही की आपण निवांत होतो. पुढचं स्वतः बघा.

याच्या उलट द नन (२०१८). मेणबत्ती, अंधार, ढॅण्. आरसा, अंधार, ढॅण्. अर्ध्या तासात कान सरावतात आणि उरलेला वेळ तुम्ही पुढचा ढॅण् किती सेकंदात येईल याच्या पैजा लावत बसता. त्यातल्या वॅलकचा, म्हणजे ननच्या रूपातल्या भुताचा चेहरा कॉन्जुरिंग २ मध्ये नुसत्या एका पेंटिंगमुळे जेवढा चावला होता, तेवढा इथे अख्ख्या पिक्चरभर समोर नाचवून पण चावत नाही.

यावर एक सोप्पा उपाय आहे, पिक्चर ठरवायच्या आधी ट्रेलर म्यूट करून बघा. आवाज काढल्यावर पण एखादी फ्रेम डोक्यात राहिली तर पिक्चरमध्ये दम आहे. आवाज काढला आणि नुसते केस मोकळे सोडलेले चेहरे कॅमेऱ्यावर उड्या मारताना दिसले तर सोडून द्या. काइरो (२००१, कियोशी कुरोसावा, इंग्रजीत पल्स) मधला एक सीन या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेतो. एक माणूस लाल टेपने बंद केलेल्या खोलीत शिरतो, समोरून एक बाई त्याच्याकडे चालत येते, हळूहळू, आणि मध्येच तिचा पाय लचकल्यासारखा होतो, तोल जातो, ती वाकडी होऊन सावरते आणि परत चालायला लागते. कसलाही ढॅण् नाही. तो एक लचका मी इतक्या वर्षांत विसरलेलो नाही.

खोलीची तयारी

हे लोक सगळ्यात जास्त हलक्यात घेतात. रात्री जेवणं उरकून, भांडी घासून, घरातली मोठी माणसं झोपली की मग सुरू करा, कारण ऐन वेळी आई पाणी प्यायला उठून ट्यूबलाईट लावते आणि "हे काय बघताय रे मेल्यांनो" म्हणते तेव्हा कुठल्याही दिग्दर्शकाचं काही चालत नाही.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिव्हिड किंवा डायनॅमिक मोड काढा, सिनेमा किंवा मूव्ही मोड लावा. आणि ते मोशन स्मूदिंग का काय असतं, प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलेलं, ते आधी बंद करा, त्याच्यामुळे लाखो डॉलरचा पिक्चर दुपारच्या सिरियलसारखा दिसतो. खिडकीचा पडदा ओढा, स्क्रीनमध्ये समोरच्या बिल्डिंगचे दिवे दिसले की संपलं. आवाज टीव्हीच्या स्पीकरवर ठेवू नका, त्यात खालचा घुमणारा आवाज येतच नाही आणि हॉररची अर्धी भीती त्या घुमण्यात असते. साउंडबार असेल तर उत्तम, नसेल तर साधा ब्लूटूथ स्पीकर टीव्हीखाली ठेवा, पण ओठ आणि आवाज जुळतायत ना ते आधी तपासा. एकटे असाल तर हेडफोन, बाकी काही नको.

माणसं चारच्या वर नकोत. सातआठ जण जमले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपण घाबरलो नाही हे दाखवायला जोक मारतो. आधी बघितलेला एक जण चालेल, फक्त त्याला मागे बसवा आणि "आता बघ, आता बघ" म्हटलंस तर बाहेर काढू अशी तंबी द्या. खायला कुरकुरीत काही ठेवू नका, पॅकेटचा चुरचुर आवाज नेमका शांत सीनमध्येच येतो. शेंगदाण्याचे लाडू, केळी, काहीही मऊ. मोबाईल सगळ्यांचे आतल्या खोलीत.

परभाषेतला पिक्चर असेल तर डब बघू नका. कोरियन बाईच्या किंकाळीवर आपल्याकडची कार्टूनवाली बाई ओरडते तेव्हा हसूच येतं. सबटायटल लावा, वाचायची सवय दोन पिक्चरमध्ये होते.

कोणाला काय लावायचं

जो पहिल्यांदाच बघतोय त्याला राम गोपाल वर्माचा भूत (२००३) लावा. एकही गाणं नाही, वाडा नाही, स्मशान नाही, मुंबईतला उंच बिल्डिंगमधला फ्लॅट, लिफ्ट, वॉचमन आणि ऊर्मिला मातोंडकर. हे सगळं आपल्या रोजच्या बघण्यातलं, म्हणून दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शिरताना आठवतं. त्याला जोडून १३बी (२००९), माधवनचा, घरच्या टीव्हीवरची सिरियल आणि घरात घडणाऱ्या गोष्टी सारख्याच व्हायला लागतात, ही कल्पनाच इतकी घरगुती आणि वाईट आहे की आईसोबत पण बघता येतो.

मराठीत पहिला नंबर लपाछपीचा (२०१७, विशाल फुरिया). पूजा सावंत गरोदर, नवरा तिला घेऊन उसाच्या फडातल्या एका घरात लपायला येतो, तिथे उषा नाईक. उषाताईंनी काय काम केलंय राव! गोड बोलत, डोक्यावरून हात फिरवत अशी काही भीती घालतात की विचारू नका. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे पिक्चरचा बराचसा भाग लख्ख उन्हात घडतो, चहूकडे ऊस, डोक्याच्या वर गेलेला, कुठून आलो आणि कुठे चाललो काही पत्ता नाही. ज्याने कधी फडात पाऊल टाकलंय त्याला कळेल की तिथे दुपारी बारालाही दोन हातांवरचं दिसत नाही. शेवटी भाषण थोडं जास्त होतं, तेवढं सहन करा. त्याच दिग्दर्शकाने पुढे त्याचा हिंदी रिमेक केला, छोरी (२०२१), पैसा जास्त दिसतो, भीती कमी वाटते.

आता एक जोडी सांगतो, लागोपाठ दोन रात्री बघा. रात (१९९२) आणि मल्याळम भूतकालम (२०२२). दोन्हीत रेवती. पहिल्यात ती कॉलेजातली मुलगी जिला झपाटलंय, दुसऱ्यात तीस वर्षांनी ती आई झालीये, डिप्रेशनमध्ये, तरुण मुलाशी बोलणं तुटलेलं, आणि घरात काहीतरी आहे हे मुलाला कळतंय पण आई विश्वास ठेवत नाही. भूतकालमचा दिग्दर्शक राहुल सदाशिवन, त्याचाच पुढचा भ्रमयुगम (२०२४), ममूटी, अख्खा ब्लॅक अँड व्हाईट. सध्या आपल्या देशात हॉररमध्ये सगळ्यात वरचं काम मल्याळममध्ये चाललंय, असं माझं ठाम मत आहे, कोणाला पटो न पटो.

एक्झॉर्सिस्ट बघायचाच असेल तर एकट्याने, हेडफोन लावून. मान फिरते आणि हिरवी उलटी होते ते सगळ्यांना माहीत असतं, त्यावर आता हसू येतं, मान्य. पण त्यातला सगळ्यात अंगावर येणारा सीन भुताचा नाहीच, हॉस्पिटलमध्ये त्या झपाटलेल्या मुलीच्या मानेत सुई खुपसून तपासणी करतात तो आहे. आणि शेवटच्या खोलीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ येते ना, ती खरी आहे, सेटच अक्षरशः फ्रीजसारखा गार केला होता. मुलीला झपाटण्याचीच, पण आपल्या मातीतली गोष्ट हवी असेल तर गहराई (१९८०) शोधा, विकास देसाई आणि अरुणा राजे यांचा. डॉ. लागू वडील, पद्मिनी कोल्हापुरे मुलगी, अनंत नाग भाऊ. वडील गावाकडची जमीन विकतात आणि मग घरावर जे काय येतं ते. लागूंचा कशावर विश्वास न ठेवणारा, हट्टी बाप बघताना असं वाटतं की हा माणूस आपल्या कॉलनीत राहतो. फारसं कोणी याचं नाव घेत नाही, का ते मला कळत नाही.

आणि "आपल्याला नाही बाबा भीती वाटत" असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याला द डिसेंट (२००५) लावा. सहा बायका गुहेत अडकतात. राक्षस यायच्या आधीच, नुसत्या त्या चिंचोळ्या भोकातून सरपटत जायच्या सीनमध्ये भाऊ उठून पंखा फास्ट करतो.

वाईट दोन प्रकारचे

एक वाईट म्हणजे मनापासून वाईट, आणि तो मला प्रिय आहे. जानी दुश्मन: एक अनोखी कहानी (२००२). अरमान कोहली इच्छाधारी नाग, समोर सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, अर्शद वारसी, आणि अभिनय करायला सोनू निगम! नाग एकेकाला गाठून मारतोय आणि वर मॅट्रिक्सछाप हवेत तरंगणं, हा सातआठ जणांच्या घोळक्यातच बघायचा, इथे बडबडीला पूर्ण परवानगी. इंग्रजीत ट्रोल २ (१९९०), ज्यात अख्ख्या पिक्चरमध्ये एकही ट्रोल नाही, सगळे गॉब्लिन. गावाचं नाव निलबॉग, उलटं वाचा.

रामसेंना मात्र मी या रांगेत बसवणार नाही. दो गज़ ज़मीन के नीचे (१९७२) पासून त्या भावंडांनी अख्खं कुटुंब घेऊन, तुटपुंज्या पैशात एक वेगळी दुनिया उभी केली. पुराना मंदिर (१९८४) मध्ये अनिरुद्ध अग्रवालचा सामरी अजूनही उभा राहिला की राहतो. फक्त मधला जगदीपचा शोलेची नक्कल करणारा कॉमेडी ट्रॅक बिनदिक्कत पुढे ढकला, काही बिघडत नाही.

दुसरा वाईट म्हणजे आळशी वाईट, तो टाळायचा. थाई शटर (२००४) इतका घट्ट पिक्चर, शेवटचा फोटो बघून मान दुखायला लागते, त्यावरून आपल्याकडे क्लिक (२०१०) आला, श्रेयस तळपदे बिचारा जीव तोडून करतोय पण मधेमधे गाणी घातल्यावर भूत तरी काय करणार. ओरिजिनल सबटायटलसकट मिळत असेल तर रिमेककडे ढुंकून बघू नका. फूंक (२००८) च्या वेळी राम गोपाल वर्माने एकट्याने थिएटरात बसून बघून दाखवा, पाच लाख देतो अशी जाहिरात केली होती. त्याच्याच भूतच्या वेळी असल्या जाहिरातीची गरज पडली नव्हती. तसंच लाइट्स आउट, २०१३ ची शॉर्ट फिल्म तीन मिनिटांची पण नाही, एक बाई, एक दिव्याचं बटण, खल्लास. त्याच दिग्दर्शकाने २०१६ ला त्याचा पूर्ण पिक्चर केला, भुताला नाव दिलं, भूतकाळ दिला, आजार दिला, आणि सगळी हवा गेली. मुंज्या (२०२४) अर्धा आवडतो, कोकणातला भाग झकास, झाड, समुद्र, हट्टी पोराचं भूत, सगळं आपलं, पण ते कॉम्प्युटरवालं बाहुलं जितकं जास्त दिसतं तितकी भीती ओसरते.

एका रात्रीचा तयार मेनू

पावसाळ्यातला शनिवार धरा. दहाला जेवण, साडेदहाला लाइट्स आउटची शॉर्ट, दिवे बंद करून, सगळ्यांना गप्प करायला तेवढी पुरते. लगेच, मध्ये चहा न करता, तुंबाड. पावणेदोन तासांच्या आतबाहेर आहे, साडेबाराला मोकळे. मग दिवे लावा, चहा ठेवा, मुतून या, एकट्याला जायचं नसेल तर जोडीने जा, कोणी काही म्हणत नाही. त्यानंतर ज्यांना घरी जायचंय ते जातील, उरलेल्यांसाठी झपाटलेला (१९९३). तात्या विंचू कॉमेडी आहे असं सगळे म्हणतात, पण लहानपणी बघितलेल्यांना विचारा, घरातली बाहुली कपाटात कोणी आणि का कोंबली होती.

हेरेडिटरी (२०१८) पहिल्याच रात्री लावू नका, कितीही आग्रह झाला तरी. तो चांगला आहे म्हणूनच. त्यात गाडीतला एक सीन आहे, त्याच्यानंतर ग्रुपमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही आणि चहा तसाच राहतो.